मोटरीचा रोध

दहावीच्या विज्ञानातला विजेचा धडा मला पंचेचाळिशी उलटल्यावर समजला. मुलीचं जुनं पुस्तक घरात पडून होतं. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध निघतो आणि दोघांचा गुणाकार केला की वॅट. मला असं दोन ओळींचं गणित आवडतं. रिसोडहून मी एक क्लॅम्प मीटर आणला. तारेभोवती त्याचे जबडे मिटवले की तिच्यातून किती अँपिअर जातात ते दिसतं. पहिल्या दिवशी मी अख्खी वायर जबड्यात धरली, तर इस्त्री तापत असताना मीटर शून्य दाखवत होता. जाणारी आणि येणारी तार एकत्र धरली की एकीचं दुसरीत फिटून जातं, एकच तार धरायची असते, हे कळायला दोन दिवस गेले.

त्यानंतर सगळं जुळत गेलं. इस्त्रीचा रोध त्रेपन्न ओहम. दोनशे तीस व्होल्ट असले की ती सव्वाचार अँपिअरच्या थोडं वर घेते, दोनशेवर आले की पावणेचार. दाब कमी, तर धाराही कमी. गिझरचंही तसंच निघालं. मी एक वही केली.

आमच्या शेजारी माझी मोठी वहिनी राहते. घरामागे तिची भाजीची वाडी आहे आणि विहिरीत दीड हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटर. दोन वर्षांपूर्वी ती मोटर एकदा जळाली, तेव्हा बाहेर काढून वायंडिंग करून आणायला आठ दिवस लागले होते. यंदा तिनं फुलकोबीचं रोप लावलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला दुसरं पाणी, आंबवणी, द्यायचं होतं. ते चुकलं तर रोप माना टाकतं. पण शिवारात सगळीकडे हरभऱ्याला पाणी सुरू होतं, शेकडो मोटरी चालू, आणि आमच्याकडे व्होल्टेज एकशे सत्तर. भाऊ भाजी घेऊन बाजाराला गेलेला.

वहिनी कुंपणाशी आली. मोटर लावू की नको, असं तिनं विचारलं. तिचं मन नको म्हणत होतं. एवढ्या कमी व्होल्टेजवर मोटर जळते, असं सगळेच म्हणतात.

मी वही आणली. त्याआधी एकदा तिची मोटर मोजलेली होती: सव्वादोनशे व्होल्ट, नऊ अँपिअर. म्हणजे रोध पंचवीस. एकशे सत्तर भागिले पंचवीस, सहा पूर्णांक आठ. मी तिला सांगितलं की धारा उलट कमी होईल, मग मोटर तापेल कशानं? पाणी थोडं हळू येईल इतकंच.

"तुमी म्हणता त लावते, भाऊजी," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

मी पॅनलमधली एक तार जबड्यात घेतली. बारा अँपिअर. मला सहा पूर्णांक आठ हवे होते. जबडे उघडून पुन्हा मिटवले. बारा.

इथं मी जे केलं ते अजून मला नीट कळलेलं नाही. मोटर बंद करायला हवी होती. मला मात्र पहिला संशय मीटरवर आला. मी वहिनीला आलोच म्हणालो, घरी गेलो, इस्त्री लावली आणि एका तारेवर मीटर धरला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"कपडे कुठी हायेत?" तिनं विचारलं.

मीटर तीन पूर्णांक दोन म्हणाला. एकशे सत्तर भागिले त्रेपन्न, बरोबर तीन पूर्णांक दोन. मीटरही बरोबर आणि भागाकारही बरोबर. मग मोटरीचा रोध पंचवीसवरून चौदावर आला कसा? तार तीच, मोटर तीच. मी गुणाकार केला. आधी सव्वादोनशे गुणिले नऊ, दोन हजार पंचवीस. आता एकशे सत्तर गुणिले बारा, दोन हजार चाळीस. जवळजवळ तेवढंच. इस्त्रीचं तसं होत नाही. व्होल्टेज पडलं की तिचे वॅट निम्म्यावर येतात. वहीकडे बघत मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग मोटर आठवली आणि मी पळालो.

मोटर बंद होती. वहिनी वाडीतल्या पाण्याच्या टाक्यातून बादली भरत होती. निम्म्या सऱ्यांना पाणी पोचलं होतं, उरलेल्यांना ती हातानं देत होती. मोटरीचा आवाज जड झाला म्हणून तिनं केव्हाच बटण दाबलं होतं. मी दुसरी बादली घेतली. मोटर जळाली की वाचली हे पुन्हा लावल्याशिवाय कळणार नव्हतं आणि पुन्हा लावायची माझी छाती नव्हती.

रोपांच्या बुडाशी पाणी घालता घालता मी तिला सगळं सांगितलं: बारा अँपिअर आले, मीटर बरोबर निघाला, इस्त्री गणिताप्रमाणे चालली, मोटर तशी चालली नाही. सल्ला माझा चुकला, हेही सांगितलं.

तिनं हातातली बादली एका रोपाशी रिकामी केली. मग म्हणाली, "इस्त्रीले कुठी पाणी चढवा लागते, भाऊजी?"

मी थांबलो. तिचं म्हणणं मला पटलं, पण ते भागाकारात कुठं बसवायचं ते कळेना. पाणी तेवढंच वर आणायचं आहे म्हणून मोटर तेवढेच वॅट ओढते, इथपर्यंत मी येतो. पण मग व्होल्टला अँपिअरनं भागून जो आकडा निघतो तो कशाचा? मोटर आणि इस्त्री सारख्या नाहीत, असं पुस्तकाच्या त्या पानावर कुठं लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्होल्टेज दोनशे पंधरा होतं. वहिनीनं मला हाक मारली. तिनं बटण दाबलं आणि आम्ही दोघं पाइपाच्या तोंडाकडे बघत राहिलो. थोडा वेळ नुसती हवा आली, मग पाणी आलं.

"मंग, आकडा सांगा," ती म्हणाली.

साडेनऊच्या आत होता. मी सांगितला, पण आधी तिला विचारलं, आवाज कसा आहे. तिनं विहिरीकडे कान दिला आणि ठीक आहे म्हणाली, तेव्हाच मी पॅनलचं झाकण लावलं.

वहीत बाकी सगळं शाईनं आहे. मोटरीच्या रोधाचा रकाना मी अजून पेन्सिलीनं भरतो.