दारामागचं स्टूल

आमच्या बाहेरच्या खोलीत दारामागे एक लाकडी स्टूल असतं. त्यामुळे दार पुरतं उघडत नाही आणि पाहुणे अंग चोरून आत येतात. आज सकाळी खिडकीतलं ऊन नेमकं त्या रिकाम्या स्टुलावर आलं होतं. मी केरसुणी हातात धरून नुसती बघत राहिले.

माझ्या धाकट्या भावाला, अनिलला, त्या दारामागे एक माणूस दिसायचा. "कुणी नाहीये रे," असं आम्ही वर्षानुवर्षं सांगितलं, कधी मायेनं, कधी वैतागून. गोळ्या चालू होत्या, तरी दाराकडे तो कधी पाठ करत नसे. मग तो चित्रं काढू लागला, आणि एकदा तो माणूस कागदावर उतरला. मान खाली, खांदे पडलेले, भिंतीला चिकटून उभा. आम्हाला इतकी वर्षं ज्याची धास्ती होती, तो बिचारा केवढा दमलेला होता! खरं-खोटं करत बसलेल्या आम्हाला हे कुठून दिसणार?

आईनं चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दारामागे ठेवलं.

"आल्या माणसाला असं ताटकळत ठेवतात का?" ती म्हणाली.

काही दिवसांनी अनिलनं नवं चित्र दाखवलं. तीच भिंत, तेच दार. माणूस स्टुलावर बसला होता.

"टेकला बाई एकदाचा," आई म्हणाली आणि पानं घ्यायला उठली.

त्या दिवशी अनिल दाराकडे पाठ करून जेवला.