कुंकू आणि गिअरबॉक्सचं ऑइल

इसम नामे रत्नदीप महेंद्र रोकडे, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार आंबिवली, उंची मध्यम, बांधा सडपातळ, डोळे कायम अर्धवट मिटलेले. ओळखीची खूण: उजव्या कोपरावर कोणत्याही साबणाने न गेलेला डाग. व्यवसाय: जुन्या चारचाकी वाहनांची, विशेषतः आपोआप गिअर बदलणाऱ्या वाहनांची, घेणाऱ्याच्या वतीने खातरजमा. सदर इसमाचा शेरा शहाड, आंबिवली, टिटवाळा व खडवली या हद्दीत अंतिम मानण्यात येतो. सदर इसमाने आजवर 'घ्या' असा शेरा दिल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

रोकडे सव्वीस वर्षं ऑइलची गळती अडवणारी रबरी सीलं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. हातात 'नापास'चा शिक्का, समोर सीलचा ढीग. कारखाना बंद पडला, शिक्का तिथेच राहिला, मनगटाची सवय तेवढी घरी आली. त्या नोकरीत ते एकच गोष्ट शिकले, पण पक्की शिकले: थेंब जिथे पडलेला दिसतो तिथे काहीही बिघडलेलं नसतं. गळतं वर, ऑइल वाऱ्याने मागे सरकतं आणि तिसऱ्याच ठिकाणी टपकतं. दिसतं त्याच्या वर आणि पुढे बघायचं. हा नियम त्यांनी गाडीपुरता ठेवला असता तर घरात शांतता राहिली असती. पण बायकोने न मागता चहा आणून दिला, तरी ते कप उचलून आधी बशी बघत.

त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर डॉ. ऐश्वर्या जाधव राहते. गुरांची डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी एका म्हशीने तिच्या डाव्या गुडघ्यावर लाथ मारली, तेव्हापासून तो पाय क्लच दाबायच्या कामाचा राहिला नाही. खडवलीच्या पुढच्या तेरा पाड्यांवर फिरतं पशुवैद्यकाचं काम तिला मिळालं होतं. अट एकच: एक तारखेला स्वतःची गाडी हवी, आणि ती गाडी चिखलातून वर चढायला हवी. क्लच नसलेली आणि चारही चाकं ओढणारी गाडी तीन महिने शोधून तिला एकच सापडली, डोंबिवलीत. रविवारी ती रोकड्यांच्या दारात आली तेव्हा एक तारखेला चार दिवस उरले होते.

"काका, तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही घेणार," ती म्हणाली. "पण नीट बघून नाही म्हणा."

"नीट बघितल्यावर नाहीच म्हणायला लागतं गं," रोकडे म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले. पिशवीत फडकी, बॅटरी, लहान मुलांच्या पावडरीचा डबा आणि जुनी वर्तमानपत्रं.

गाडीचा मालक सलिल केळकर याने अकराची वेळ दिली होती. ऐश्वर्याला घेऊन रोकडे दहाला पोचले. अकराची वेळ म्हणजे दहा ते अकरा पुसापुशीची, असा त्यांचा हिशेब. सलिल इमारतीखालच्या पार्किंगमध्ये चहाचा कप घेऊन उभा होता. पस्तिशीचा, हसतमुख. रोकड्यांना हसतमुख विक्रेता म्हणजे अर्धा पुरावा.

गाडी उंच, राखाडी, नाकावर सुकलेला झेंडूचा हार. रोकड्यांनी हार बघितला नाही. ते सरळ पाठीवर झोपले आणि गाडीखाली सरकले. खालून गाडी स्वच्छ होती.

"खालून धुतलीय," ते आतून म्हणाले.

"हो काका, दसऱ्याला प्रेशरने धुवून आणलेली."

"खालून?"

"खालूनपण. पूजा करायची होती ना."

"पूजा खालून करतात?"

ऐश्वर्याने खोकल्याचं निमित्त केलं. सलिल हसला, पण थोडा कमी. रोकडे बाहेर आले आणि गाडीच्या पोटाखालच्या फरशीवर बोट रोखून बसले. तिथे लाल डाग होते, पाच-सात, काही मोठे, काही टिकलीएवढे.

"हे?"

"ते कुंकू आहे, काका. आईने पूजा केलेली, नारळ फोडला, त्याचं पाणी खाली गेलं."

"दसऱ्याला बारा दिवस झाले."

"मग? पुसलं नाही कोणी."

तेवढ्यात सलिलच्या आई जिन्यावरून खाली आल्या. आजेसासूपासून चालत आलेल्या शुद्ध भाषेत त्यांनी खुलासा केला. "अहो, कुंकवावर कुणाचा पाय पडायला नको, म्हणून मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्या बाजूने फिरकायचं नाही. केरवालीलाही. तुमच्याकडे पूजा वगैरे नसेल करत, म्हणून तुम्हाला नवल वाटत असेल."

"आमच्याकडे गाडीच नाही," रोकडे म्हणाले. "लिंबू आहे का घरात?"

लिंबू आलं. हळदीचं खरं कुंकू असेल तर आंबट लागताच पिवळं पडतं, हे रोकड्यांना ठाऊक होतं. त्यांनी प्रत्येक डागाच्या कडेला एकेक थेंब पिळला. एकही डाग पिवळा झाला नाही.

"म्हणजे ऑइल?" ऐश्वर्याने विचारलं.

"म्हणजे कुंकूसुद्धा भेसळीचं असू शकतं," रोकडे म्हणाले. आईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच वाण्याविषयी संशय उमटला.

मग त्यांनी डागांच्या लिंबू न लागलेल्या भागावर वर्तमानपत्राचे तुकडे दाबून धरले. चार डागांनी कागदावर कोरडी लाल भुकटी सोडली. उरलेल्या तीन डागांनी कागद ओला केला, आणि उजेडात धरल्यावर त्या ठिकाणी मागची अक्षरं आरपार दिसू लागली. रोकड्यांनी तो कागद सलिलसमोर धरला. कारखान्यातही नापास माल ते असाच धरत.

गिअरबॉक्सचं ऑइलही लालच असतं. बारा दिवस ते थेंब-थेंब कुंकवात पडत होतं आणि घरातली माणसं त्याला वळसा घालून जात होती. पाय पडू नये म्हणून कोणी जवळ गेलं नाही, आणि जवळ गेलं नाही म्हणून कोणी वाकलं नाही. आई खाली बघत राहिल्या. "म्हणजे मी इतके दिवस ऑइलला..." एवढं बोलून त्या वर निघून गेल्या.

"शप्पथ, मला माहीत नव्हतं," सलिल म्हणाला.

रोकड्यांनी ही शपथ मनातल्या मनात बाजूला काढून ठेवली, नंतर तपासायला.

"कुठून गळतंय त्यावर सगळं आहे," त्यांनी ऐश्वर्याला बाजूला घेऊन सांगितलं. "खालच्या पत्र्याचं पॅकिंग असेल, नळीचा जोड असेल, तर किरकोळ. पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं सील गेलं असेल तर अख्खा गिअरबॉक्स उतरवायला लागतो. मग ती गाडी तुझी नाही, गॅरेजची. पाड्यावर मध्येच बसली तर तुझ्या म्हशीच ओढून आणतील."

"एक तारखेला?"

"तारखेचं सीलला काय."

त्यांनी गिअरबॉक्स फडक्याने कोरडा केला आणि सगळीकडून पावडर मारली. गाडीचं पोट न्हाऊ घातलेल्या बाळासारखं पांढरं झालं. मग ऐश्वर्याने गाडी काढली, शेजारी रोकडे, मागे सलिल. डोंबिवलीहून कल्याण, तिथून टिटवाळ्यावरून खडवली. रोकडे अख्ख्या वाटेत रस्त्याकडे बघत नव्हते. त्यांचा पंजा गिअरच्या दांड्याशेजारी टेकलेला आणि मान किंचित तिरकी, भिंतीपलीकडचं भांडण ऐकणाऱ्या माणसासारखी. गिअर लोण्यासारखे बदलत होते. त्याचाही त्यांना संशय आला.

"ही कधी खडकाळीत, पाण्यात वगैरे नेलेली?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"छे. ऑफिस आणि घर. फार तर लोणावळा."

खडवलीला नदीच्या अलीकडे, वडाखाली गाडी थांबली. रोकडे परत पाठीवर. पावडरीवर लाल ओघळ उठले होते. पण एका जागी नाही. मागच्या सीलपाशी एक, गिअरच्या दांड्याच्या सीलपाशी एक, आणि पुढच्या सांध्याखाली, जिथे नको होता नेमका तिथे, ओला पट्टा.

ते बाहेर आले, हात पुसले. "तिन्ही सीलं गेलीत. पुढचंही. नापास."

ऐश्वर्या वडाच्या पारावर बसली आणि दुखऱ्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून गाडीकडे बघत राहिली, दारात बसकण मारलेल्या जनावराकडे बघावं तशी.

"तिन्ही एकदम कशी जातील, काका?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"जुनी गाडी आहे."

"सीलं काय ठरवून जातात? माझ्याकडे गाय आली, तिला सगळीकडून एकदम त्रास, तर मी सगळे अवयव बाद नाही करत. आधी पोट बघते. पोटफुगीत गॅस अडकतो, बाहेर यायला वाट नाही, मग आतून सगळ्यावर दाब. जागोजाग लक्षणं. आपण कुशीत सुई टोचली की गाय उठून चरायला जाते." तिने रोकड्यांकडे बघितलं. "हिचा वारा कुठून सुटतो?"

रोकड्यांना ते माहीत होतं, आणि सव्वीस वर्षांत ते विसरले नव्हते; फक्त नापास म्हणायच्या घाईत विचारायचं राहिलं होतं. ऑइल तापलं की आतली हवा फुगते, म्हणून गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक बारीक नळी असते, श्वास सोडायला. वर आणि पुढे. तिथे त्यांनी बघितलंच नव्हतं.

बॉनेट उघडून, हात कोपरापर्यंत आत घालून त्यांनी चाचपडत ती नळी ओढून काढली. फुस्स झालं. बराच वेळ. सलिल एक पाऊल मागे सरकला. नळीच्या तोंडात वाळलेल्या चिखलाचं बूच होतं, त्यात एक शिंपला, भाताच्या दाण्याएवढा.

रोकड्यांनी शिंपला तळहातावर घेतला आणि सलिलला दाखवला.

"लोणावळ्याला समुद्र कधी आला?"

सलिलने नदीकडे बघितलं, मग चपलांकडे. "एकदाच, काका. जुलैमध्ये. आम्ही मित्र इथेच आलेलो. पाणी कमी वाटलेलं. दारापर्यंत आलं. ट्रॅक्टरने काढलेली."

"आईला माहितीये?"

"आईला सांगू नका."

हा क्षण रोकड्यांच्या आयुष्यात क्वचित येत असे. सकाळपासून माणूस खोटं बोलत असणार अशी त्यांची खात्री होती, आणि ते खोटं कुठे आहे हे न सापडल्याने ते अस्वस्थ होते. आता सापडलं होतं, लहान होतं, तळहातावर मावत होतं. त्यांना एकदम बरं वाटलं. बाजूला काढून ठेवलेली सकाळची शपथही त्यांनी मंजूर करून टाकली.

पण नदीचं पाणी आत गेलं असेल तर गाडी मेलेलीच. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची सळई, ओढली. "पाणी मिसळलं असेल तर सोलकढी दिसेल," ते ऐश्वर्याला म्हणाले. "गुलाबी, दुधाळ. तसं दिसलं तर परत विचारायचं नाही."

त्यांनी डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर टेकवली. तिघंही वाकले. डाग पसरला तो लाल, स्वच्छ, कोकमाच्या आगळासारखा. रोकड्यांनी वास घेतला. जळका नव्हता. त्यांनी दुसऱ्यांदा घेतला, जळका असण्याची संधी देऊन.

नळी धुतली, तारेने मोकळी केली. गिअरबॉक्स परत पुसला, उरलेली सगळी पावडर मारली. मग तीच वाट उलटी, टिटवाळ्याचा चढ दोनदा, गाडी चांगली तापवून. आंबिवलीच्या फाटकाजवळ थांबून रोकडे तिसऱ्यांदा खाली गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. रस्त्याने जाणाऱ्या एकाने विचारलं, माणूस चिरडलाय का. ऐश्वर्या म्हणाली, नाही, तपासतोय.

पावडर कोरडी होती. पांढरी, सगळीकडे. त्यांनी बॅटरी बंद करून परत लावली. तरी कोरडी.

बाहेर येऊन ते फडकं घडी करत राहिले. ऐश्वर्या थांबली होती.

"दर महिन्याला ती नळी बघायची," रोकडे म्हणाले. "पाण्यातून गेलीस तर त्याच दिवशी. आणि खाली लाल दिसलं तर पूजा नको, कागद लाव." मग त्यांनी घसा साफ केला. शब्द वापरात नसल्याने जरा घोगरा निघाला. "घे."

कागदांवर सह्या तिथेच बॉनेटवर झाल्या. सलिलने किल्ली दिली, झेंडूचा हार काढायचा का विचारलं, ती म्हणाली राहू दे. मग तिने घड्याळ बघितलं. शहाडला एका गोठ्यात तिला बोलावणं होतं, गाय अडली होती, आणि वाडीतल्या त्या बोळात ही गाडी शिरणार नव्हती. तिने रिक्षाला हात केला आणि किल्ली रोकड्यांच्या हातात ठेवली.

"काका, घर इथून पाच मिनिटांवर आहे. तेवढी खाली नेऊन लावा."

रिक्षा निघून गेली. रोकडे किल्ली धरून उभे राहिले. सलिल स्टेशनच्या दिशेने चार पावलं गेला होता, त्याला त्यांनी हाक मारली.

रोकडे यांना गाडी चालवता येत नाही.