मामांची डिव्हिजन

एका सकाळी पारगावहून फोन आला. "ताई, प्रकाश बोलतोय. आबा गेले." आबा म्हणजे माझे थोरले मामा, तिथल्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. त्याला आता महिना झाला.

मला त्यांची भीती वाटायची. तरी मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्यासमोर बसावंच लागे. मी पुण्यात इंग्रजी शाळेत, म्हणून त्यांचं आवडतं जाड इंग्रजी पुस्तक मीच मोठ्याने वाचायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या एका सोव्हिएत पायदळ डिव्हिजनचा इतिहास. पहिल्याच उन्हाळ्यात जर्मनांनी तिला वेढून संपवलं. पण एक जखमी सैनिक डिव्हिजनचा झेंडा शर्टाखाली अंगाला गुंडाळून जंगलातून बाहेर आला. झेंडा वाचला, म्हणून त्याच नंबरची डिव्हिजन पुन्हा उभी केली, नव्या पोरांची. ती पोरं हिवाळ्यात बर्फात मेली. पुन्हा भरती, पुन्हा तोच नंबर... "शेवटी नंबर बर्लिनला पोचला ना?" मामा दरवेळी विचारत. पोचला होता. त्या नव्या पोरांना काय वाटलं, ते मात्र पुस्तकात कुठेच नव्हतं.

मी शाळेत असतानाच एका वर्षी मामांचा एकुलता एक मुलगा, प्रकाश, कालव्यात बुडाला. त्यानंतर वर्षभराने मामीला पुन्हा मुलगा झाला. बारशाला मामांनी नाव सांगितलं, प्रकाश.

"गेलेल्याचं नाव नका ठिवू," मामी म्हणाली. "लई वंगाळ दिसतं."

"नंबर तोच ठेवायचा असतो."

आत्या म्हणून माझ्या आईनेच बाळाच्या कानात ते नाव सांगितलं.

त्याने थोरल्याचं दप्तर वापरलं, थोरल्याचे स्वेटर घातले. भिंतीवर थोरल्याचा हार घातलेला फोटो, खाली नाव. मित्र घरी आले की म्हणत, "पक्या, जितेपणीच हार घालून घेतला व्हय रं?" तोही त्यांच्याबरोबर हसायचा. दहावीच्या आधी नाव बदलून घेऊ का, असं त्याने एकदाच विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "पहिल्यानं असलं विचारलं नसतं."

मंचरच्या दवाखान्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं, तेव्हा त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती. मुलाचा हात धरून म्हणाले, "प्रकाश, कशाला उतरलास रे पाण्यात?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चुकलं आबा."

मामांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दहाव्यानंतर ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "आता बदलून घे नाव."

"आबांनी मला कधी बोट लावलं नाय, ताई," तो म्हणाला. "थोरल्याला लागंल म्हणून."

मामी दारात उभी होती. "मी अमोल ठरिवलं व्हतं," एवढंच बोलून ती आत गेली.

ताटं वाढल्यावर तिने आतून हाक मारली, "अमोल, जेवाया ये." तो अंगणाकडे बघत बसून राहिला. तिने पुन्हा तशीच हाक मारली. मग तिसरी हाक आली.

"प्रकाश."

"आलो," तो म्हणाला आणि उठला.