चंद्रीनं पान्हा सोडला ती दुपार

आमच्या आळंद भागात भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही. मी एकीवरही कधी विश्वास ठेवला नाही. शिक्षण चौथीपर्यंत, पण डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानत आले. म्हणून हे लिहायचाही कंटाळाच येतोय... तरी लिहिते.

गाव खजुरी. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं होतं. वाचा गेली, नजर आढ्याला. डॉक्टर म्हणाले, यांना काही कळत नाही. मग मीही त्यांच्यासमोर काहीही बोलायचे. अंग पुसताना म्हणायचे, "सुटा की आता. मी बी दमले."

म्हैस चंद्री. तिचं पहिलं रेडकू जन्मताच मेलं, तेव्हा मालकांनी तिला जिभेच्या आवाजावर पान्हा सोडायला शिकवलं — टक्, टक्, जरा थांबून टक्. यंदा पुन्हा व्याली, पण माझ्या हाताला जेमतेम तांब्याभर दूध.

गोठ्यात एक सर यायचे. जनावरांना माणसाच्या मनातलं कळतं, एवढ्या एका खुळापायी कॉलेजातली नोकरी सोडलेले. कॅमेरा लावून बसायचे, वहीत वेळा टिपायचे.

"सर, लगीन कामून केलं न्हाई?"

"वेळच मिळाला नाही, अक्का."

"म्हशीपाशी बसायला बरा मिळतो!"

ते हसायचे. म्हणायचे, मन फक्त डोक्यात कोंडलेलं नसतं. मी म्हणायचे, "आधी शेण उचलू लागा, मग सांगा."

श्रावणात मालकांच्या छातीत कफ दाटला, गुलबर्ग्याच्या दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचे ओठ ओले करत होते. जीभ हलली. टक्, टक्... टक्. दीड वर्षात पहिला आवाज! नर्सला सांगायचं म्हणून घड्याळ पाहिलं — तीनला दहा कमी.

तेवढ्यात सरांचा फोन.

"अक्का, चंद्रीचं दूध आपोआप गळतंय. कुणी हातसुद्धा लावला नाही."

"कवापासून?"

"आत्ताच. तीनला दहा कमी होते."

मी त्यांना अजून काही सांगितलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, जीभ अशी हलते कधीकधी. घरी आल्यावर सरांनी मालकांची खाट रोज चंद्रीसमोर मांडली. दोन महिने. ना आवाज, ना पान्हा. शेवटी कॅमेरा गुंडाळून गेले बिचारे. त्यांनाही उलगडा झाला नाही, मला कुठून होणार?

पण मालक आत जागे असतील, तर माझं ते "सुटा की" त्यांनी किती वेळा ऐकलं असेल... विचारायची सोय नाही. आता तसलं काही तोंडाशी आलं की मी उठून बाहेर जाते, तिथं बोलते.

बाहेर चंद्री असते. कान माझ्याकडं वळवून.