पाणी कुठवर येईल

धरणाच्या ऑफिसात त्यांना सगळे रेडिओबाई म्हणत. नदीला पाणी वाढलं की काठच्या गावांना फोन करून इशारा द्यायचं काम त्यांचं. अठरा वर्षं त्या साहेबांचा कागद जसाच्या तसा वाचत आल्या होत्या. कधी अडखळल्या नाहीत, की पदरचा शब्द घातला नाही. याचा त्यांना अभिमान होता. बोलावं तर मोजकं, असं घरी सुनेलाही ऐकवायच्या.

त्या दुपारी त्यांनी खालच्या गावातल्या कुंभाराला फोन लावला. गावाला कळवायचं काम त्याच्याकडे होतं. "सायंकाळी पाचपर्यंत विसर्ग पंचेचाळीस हजार क्युसेक होण्याची शक्यता. नागरिकांनी सतर्क राहावे," बाईंनी वाचलं.

कुंभाराने आकडा पुटपुटून पाहिला. मग म्हणाला, "बाई, म्हणजे पाणी आमच्या आळीत येईल का?"

"तसं कागदात लिहिलेलं नाही," असं म्हणून त्यांनी पुढचा नंबर फिरवला. अजून अकरा गावं राहिली होती.

कुंभाराने त्याच्या परीने खबरदारी घेतली. कच्ची मडकी माळ्यावर चढवली, म्हाताऱ्या आईची खाट ओट्यावर घेतली. सहा वाजता घरात छातीएवढं पाणी होतं. आईला खांद्यावर घेऊन तो पत्र्यावर चढला, पण भिजून गारठलेली म्हातारी दवाखान्यात आठव्या दिवशी वारली.

चौकशी झाली. रजिस्टरमध्ये फोनची वेळ नीट नोंदलेली होती. साहेबांनी बाईंचं कौतुक केलं. घरी मात्र त्यांनी भरलं ताट तसंच बाजूला सारलं. नवरा म्हणाला, पाणी काय तू सोडलंस? तू तुझं काम चोख केलंस.

त्याला ठाऊक नव्हतं ते बाईंना ठाऊक होतं. त्यांच्या पाठीमागच्या कपाटात जुनी रजिस्टरं होती. सहा वर्षांपूर्वी चाळीस हजारालाच कुंभार आळी बुडाली होती. ती नोंद त्यांच्याच अक्षरात होती.

शेवटी त्या कुंभाराकडे गेल्या. तो माती तुडवत होता. तुमचा फोन वेळेवर आला होता, असं तोच आधी म्हणाला. त्याने बोल लावला असता तर बरं, असं त्यांना वाटलं.

"कपाटात लिहिलेलं होतं," त्या म्हणाल्या. "मी उघडून बघितलं नाही."

त्याने मातीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाला, "आता उघडा."

बाईंनी रजिस्टरं उघडली. सुट्टीच्या दिवशी त्या गावोगाव फिरल्या, कोणत्या साली पाणी कुठवर आलं ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून आकड्यांसमोर लिहीत गेल्या. साहेब कुरकुरले. अंदाज चुकला तर खापर तुमच्या डोक्यावर फुटेल, म्हणाले. फुटू दे, म्हणाल्या बाई.

पुढल्या वर्षी त्यांनी कुंभाराला सांगितलं, "पाच वाजता पाणी शाळेच्या दुसऱ्या पायरीला लागेल. तुमची आळी बुडेल. चारच्या आत सगळ्यांना टेकडीवर न्या."

पाणी पहिल्या पायरीवरच थांबलं. बाई उगीच घाबरवतात, असं किराणा दुकानदार म्हणालाही. पण आळी बुडाली होती.

संध्याकाळी कुंभाराचा फोन आला. "सगळी वर आहेत, बाई. एकूण एक."

बरं, एवढंच बाई म्हणाल्या. त्याने फोन ठेवल्यावर त्यांच्या मनात आलं, सांगायला एक मिनिटही लागलं नव्हतं.