बुडवली, उचलली

मामी फोनवर रडत नव्हती. "गेले गं तुझे मामा," एवढं म्हणून ती थांबली, आणि मला काही सुचायच्या आत म्हणाली, "पण जाताना 'बुडवली' म्हणाले. काय गं बुडवली?" शाळेत मधली सुट्टी चालू होती, कोणाच्या तरी डब्यातल्या भेंडीचा वास येत होता, आणि मी, जन्मभर मराठी शिकवत आलेली बाई, त्या एका क्रियापदाशी अडले. आता दीड महिना होत आला. दर रविवारी नायगावहून नालासोपाऱ्याला मामीकडे जाते. उत्तर अजून सापडलेलं नाही.

विष्णूमामा नौदलाच्या तरंगत्या गोदीवर पंप चालवायचा. सैनिक नव्हे, साधा कामगार. पण गोदी दूर बेटावर, त्यामुळे वर्षातून एकदाच घरी यायचा. लहानपणी 'माझे मामा' या निबंधात मी लिहिलं होतं, 'माझे मामा सरकारची गोदी बुडवतात.' बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं. पुढे माझं लग्न जमवताना आईने धसकाच घेतला होता, तिने "मामा पाण्याच्या खात्यात आहे" असं सांगून टाकलं. सासरचे लोक पहिलं वर्षभर मामाकडे नळाच्या तक्रारी करत होते, आणि तोही त्या मन लावून ऐकून घ्यायचा.

गोदी म्हणजे काय, ते त्याने मला चहाच्या कपात समजावलं. त्याच्या हातात वसईच्या बेकरीतली खारी होती. "ही गोदी. हिच्या पोटात टाक्या. टाक्यांत पाणी घेतलं की ही बुडते, नुसत्या दोन बाजूच्या भिंती वर राहतात. मग आजारी जहाज आत येतं. आमचे पंप पाणी बाहेर फेकतात आणि जहाजाला पोटाशी घेऊन ही वर येते. कळलां गो, बाय? बुडल्याशिवाय कोणाला उचलता येत नाही." तोवर खारी मोडून कपाच्या तळाला गेली होती. "अशी नाही हां आमची," असं म्हणून तो चमच्याने ती शोधत बसला. पुढे निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी तोच खेळ. खारी चहात घालताना "बुडवली", काढताना "उचलली". मामीला भिजलेली खारी बघवत नसे. ती कोरडी खायची, तीही तोंड फिरवून.

त्या गोदीला स्वतःचं इंजिन नव्हतं. परदेशातून ती बोटींनी ओढत आणली, तेव्हा मामा नोकरीत नवा होता. मग कितीतरी वर्षं तिने जहाजं उचलली, त्यांचे तळ खरवडून, रंगवून, परत पाण्यात सोडली. पुढे तिचाच तळ गंजला. "सगळ्यांना हिने उचललं, आता हिला कोण उचलणार?" मामा एकदा म्हणाला होता. ती भंगारात निघाल्याचं त्याच्या जुन्या सोबत्याने फोनवर कळवलं, आणि ओढत गुजरातला नेणार म्हटल्यावर मामाने हिशेब लावला की ती आपल्या समोरूनच जाणार. तीन दिवस आम्ही दोघं अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. सुके बोंबील उलटवणारी एक बाई तिसऱ्या दिवशी हसून म्हणाली, "काय बघता ओ काका? पानी तर रोजचंच हाय."  मामा उठला, चड्डीला लागलेली वाळू झटकली आणि म्हणाला, "गेली." मला तर किल्ल्यापलीकडे मच्छीमार होड्या सोडून काहीही दिसलं नव्हतं. त्याला दिसलं का, हे मी तेव्हा विचारलं नाही... आता कोणाला विचारू?

म्हणून तेराव्यानंतर मी मामीला ठामपणे सांगितलं, "मामी, 'बुडवली' म्हणजे स्त्रीलिंगी काहीतरी. गोदी. मामा शेवटी कामावर होता." मला वाटलं, तिला बरं वाटेल.  "म्हणजे शेवटचा शब्दसुद्धा तिलाच?" तिने विचारलं. "मी पण स्त्रीलिंगीच ना गं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नाआधीपासून मामी गावच्या शाळेत शिक्षिका होती. सासूला अर्धांगवायू झाला, मामा बेटावर, तेव्हा ती नोकरी सोडून इथे आली. मामाने या गोष्टीबद्दल तोंडातून कधी अवाक्षर काढलं नाही. मामीने पुढे बाहेरच्या खोलीत आधी चाळीतल्या, मग बिल्डिंगमधल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. अर्धं नालासोपारा तिच्याकडून पाढे शिकलं असेल. पण 'तुझी शाळा माझ्यामुळे गेली' हे एक वाक्य ऐकायची ती जन्मभर वाट बघत होती, आणि मी शहाणी तिला तो शेवटचा शब्द गोदीचा आहे म्हणून सांगत होते. मला माझीच लाज वाटली.

गेल्या रविवारी तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. मामाची सगळी पत्रं. वाचायला घेतली तर त्यात गोदीचं अख्खं चरित्र, आणि माणसाचं जवळजवळ काहीच नाही. 'सोमवारी बुडवली, सायंकाळी उचलली. प्रकृती उत्तम.' 'पावसामुळे उशिरा बुडवली. रात्री उचलली. आईस नमस्कार.' पत्रामागून पत्र तेच. फक्त एक निराळं. 'तू शाळा सोडल्याचे आईच्या निरोपावरून कळले. बुडवली.' बस्स, पुढे सही. उचलली नाही.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या दिवशी जहाज आलंच नसेल? टपाल निघायची घाई असेल? की तो तेव्हाच सगळं बोलून मोकळा झाला होता आणि ते आम्ही गोदीचं म्हणून वाचलं? खरं सांगते, मला कळत नाही. पुढच्या पत्रात पुन्हा नेहमीचंच, बुडवली, उचलली.

मामीने पत्र घडी घालून डब्यात ठेवलं आणि चहा आणला. मामाची खुर्ची खिडकीशी आहे तशीच आहे, समोर स्टुलावर खारीची बरणी. तिने एक खारी घेतली आणि, मी तिला असं करताना आयुष्यात पाहिलं नव्हतं, ती चहात घातली. धरून ठेवली. खारी अर्ध्यात मोडली. मामीने चमच्याने सावकाश तळ गाठला, तो लगदा वर काढला आणि खुर्चीकडे बघत म्हणाली,

"बुडवली तुम्ही. उचलली मी."

मग तिने ती खाल्ली, आणि मला विचारलं, अजून घालू का थोडा चहा.