गंजलेली पिन

सौंसरजवळच्या माळावर फवारणीचं जुनं, दोन माणसांचं विमान उतरलं होतं. मी शेतकी खात्यातला कारकून. पायलटला कपाशीची शेतं वरून दाखवायला दुसऱ्या दिवशी मलाच त्यात बसायचं होतं. पंखाच्या मागच्या हलत्या फळीच्या बिजागरीतली पिन गंजून अडकल्याचं कळलं, तेव्हा मी हुशारीनं हातोडी मारली आणि पिनेचं टोक चेपून ठेवलं.

नागपूरचा मिस्त्री रागावला नाही. त्यानं टोक कानशीनं घासलं, तेल सोडलं आणि न पेटवलेली बिडी ओठांत धरून बसला. मग एक हलका ठोका, पुन्हा तेल. प्रत्येक ठोक्यानंतर तो बिजागरीला कान लावी. दुपारी पिन निघाली. मधोमध ती सुईएवढीच उरली होती.

"हे विमान पडलं कसं नाही, मिस्त्री?"

"जंगानंच धरून ठेवलं होतं, भाऊ."

उद्या यातच बसायचंय, हे आठवून मी दोन पावलं मागे सरलो.

नवी पिन बसवणाऱ्यानंच आधी पायलटसोबत वर जायचं, हा त्याचा नेम. चढताना त्याचे हात कापत होते. विमान सुखरूप उतरलं, तरी माझी भीती काही उतरेना.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी अडवेल.

ती म्हणाली, "ज्याले एवढं भेव वाटते, त्यानं पिन नीटच बसवली असंन. जा तुम्ही उद्या."